मावशीचं मृत्युपत्र, प्रोबेट आणि वकिलाचा शोध

माझी मावशी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. ती अविवाहित होती, पालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, आणि विलेपार्ल्याच्या एका सहकारी सोसायटीत स्वतःच्या घरात राहायची. तिने २०११ साली मराठीत मृत्युपत्र करून ठेवलं होतं आणि त्यात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारी व्यक्ती, म्हणून माझं नाव घातलं होतं. हे तिने मला सांगितलेलं होतं, पण एक्झिक्युटरला नेमकं काय काय करावं लागतं, याची कल्पना तिलाही नव्हती आणि मलाही. जानेवारी २०२६ मध्ये मी शेवटचा हिशेब कोर्टात दाखल केला. मधल्या काळात कितीतरी रात्री मी कुणीतरी साध्या मराठीत लिहिलेला अनुभव शोधत बसायचे. तो मिळाला नाही, म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही. जे घडलं आणि ज्या क्रमाने घडलं, तेवढंच सांगते.

मृत्युपत्र दोन पानांचं होतं. घर धाकट्या मामाच्या मुलीला, जी कॉलेजची पाच वर्षं मावशीकडेच राहिली. ठेवी आणि थोडे शेअर्स बाकीच्या भाचरांत समान. आणि शेवटची नऊ वर्षं जिने मावशीचं सगळं केलं, त्या कामाच्या ताईंना ठरावीक रक्कम. दोन साक्षीदार होते: आमचे फॅमिली डॉक्टर आणि मावशीची शाळेतली एक मैत्रीण. मृत्युपत्र नोंदणी केलेलं नव्हतं. ते नोंदवणं कायद्याने सक्तीचं नाही, आणि त्यावर स्टॅम्प ड्युटीही लागत नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र साधा कागद बघून पोटात गोळा आला होता.

डिसेंबरात मी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून मोठ्या मामाचं नाव होतं, १९९४ पासूनचं. मृत्युपत्रात घर दुसऱ्याच कुणाला. सेक्रेटरी सभ्यपणे म्हणाले, "ताई, दोन कागद दोन गोष्टी सांगतायत. तुम्ही प्रोबेट आणा, आम्ही लगेच करू." बँकेतल्या एका मोठ्या ठेवीला नॉमिनीच नव्हता, तिथेही हेच उत्तर मिळालं.

प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे आणि त्यातल्या एक्झिक्युटरला ते अमलात आणायचा अधिकार आहे, असं कोर्टाने शिक्का मारून सांगणं. घर मुळात मावशीचंच होतं का, असल्या मालकीच्या वादात प्रोबेटचं कोर्ट पडत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. त्यानुसार त्या वेळी हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन व्यक्तीने मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं. कोलकाता आणि चेन्नईलाही तसंच. पुण्यात केलेल्या आणि पुण्यातल्याच घराबद्दलच्या मृत्युपत्राला ही सक्ती नव्हती. त्यामुळे "आमच्याकडे तर काहीच लागलं नाही" असं सांगणारे नातेवाईक भेटले, तेव्हा मी गोंधळून जायचे. तेही खरं बोलत होते. ते फक्त नाशिकचे होते.

मुंबईतल्या मृत्युपत्राचं प्रोबेट उच्च न्यायालयात, फोर्टला. आणि तिथे आमच्या घरातलं कुणी कधी पायरी चढलेलं नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये वकील शोधायला लागले. आपल्याकडे वकिलांना जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद कधीची, कुठल्या प्रकारचं काम करतात, एवढी मोजकी माहिती देता येते. म्हणजे "सर्वोत्तम प्रोबेट वकील" असं शोधून जे काही समोर येतं, त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मला तीन वाटा उपयोगी पडल्या. पहिली, सोसायटीतच आधी कुणी प्रोबेट घेतलंय का हे सेक्रेटरींना विचारणं. जुन्या इमारतीत असं एखादं घर निघतंच. दुसरी, आमचे चार्टर्ड अकाउंटंट, कारण मयताच्या विवरणपत्रांच्या निमित्ताने त्यांचा अशा वकिलांशी संबंध येतो. तिसरी वाट माझ्या भाचीने दाखवली. उच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर रोजचा बोर्ड असतो, म्हणजे त्या दिवशी कुठल्या कोर्टापुढे कुठली प्रकरणं आहेत याची यादी. त्यात टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रासंबंधीच्या, याचिकांपुढे वकिलांची नावं असतात. काही आठवडे ती यादी चाळली की कोणती नावं पुन्हा पुन्हा येतात ते दिसतं. त्यातलं एक नाव सीएंनी दिलेल्या यादीतही होतं, तेव्हा मला पहिल्यांदा जरा धीर आला.

मग भेटी सुरू झाल्या. काहींनी सल्ल्याचे दोन-तीन हजार घेतले, काहींनी पहिल्या भेटीचे काहीच घेतले नाहीत. फोनवरच विचारून जावं, दोन्हीत काही गैर नाही.

पहिल्या वकिलांनी मृत्युपत्र हातात घेण्याआधी विचारलं, "फ्लॅट केवढ्याचा?" आकडा सांगितल्यावर म्हणाले, घर नावावर झालं की दोन टक्के द्या, आता काही नको. ऐकायला सोपं वाटलं, शिवाय तेव्हा हातात पैसे नव्हते. पण मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा किंवा निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. सीएंनी हे सांगितल्यावर मी तो विषय तिथेच सोडला.

दुसरे म्हणाले, मृत्युपत्र बाजूला ठेवा, सरळ वारस म्हणून सक्सेशन सर्टिफिकेट काढू, लवकर होतं. त्या दाखल्याने ठेवी, शेअर्स, येणी अशा गोष्टी मिळतात, घर मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे मावशीने विचार करून, साक्षीदार बोलावून जे लिहून ठेवलं, ते बाजूला ठेवायचा अधिकार मला कुणी दिला? कामाच्या ताई तिच्या वारस नव्हत्या. मृत्युपत्र बाजूला ठेवलं की त्यांना एक पैसा मिळाला नसता. तिथून बाहेर पडताना माझं डोकं तापलं होतं.

फोर्टमधल्या एका मोठ्या सॉलिसिटर फर्ममध्येही गेले. तिथल्या माणसांनी अतिशय नीट समजावलं, एक शब्द उडवाउडवीचा नाही. फी साडेतीन लाख, वर खर्च. परदेशातली मालमत्ता, धंदा, भांडणारे वारस असं काही असतं तर मी तिथेच गेले असते. आमचं प्रकरण तेवढं मोठं नव्हतं.

शेवटी ज्या वकीलबाई मी नेमल्या, त्यांचं ऑफिस एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन टेबलांचं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "साक्षीदार हयात आहेत का?" दुसरा, "मूळ कागद कुठे आहे? त्याची पिन कुणी काढली का?" तिसरा, "मावशींना भावंडं किती, आणि त्यातली गेलेली कोण?" घराच्या किमतीवर त्या अगदी शेवटी आल्या. हे प्रश्न का महत्त्वाचे, ते तेव्हा मला पूर्ण कळलं नव्हतं. पण पुढच्या वर्षभरात आमचं काम जिथे जिथे अडलं, ती ठिकाणं याच तीन प्रश्नांमधली होती. म्हणून आता कुणी वकिलाबद्दल विचारलं, तर मी पहिल्यांदा हेच विचारते की त्यांनी तुम्हाला काय काय विचारलं.

पिनचं सांगते. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा करावं लागतं आणि ते तिथेच राहतं. त्यावर टाचणीची जास्तीची भोकं, मागे पेन्सिलने केलेला हिशेब, स्टेपल काढून पुन्हा मारल्याच्या खुणा दिसल्या, की पान बदललं का अशी शंका निघते आणि प्रत्येक खुणेचा खुलासा द्यावा लागतो. मृत्युपत्र सापडलं की आहे तसं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. झेरॉक्स काढतानाही पिन काढू नका.

फी ठरली १,२०,००० रुपये, तीन हप्त्यांत: वकीलपत्रावर सही करताना, याचिका दाखल झाल्यावर आणि सायटेशनची, म्हणजे वारसांना जाणाऱ्या कोर्टाच्या नोटिशीची, मुदत संपल्यावर. कोर्ट फी, भाषांतर, नोटरी आणि टपाल वेगळं. मी हे सगळं ईमेलवर लिहून मागितलं आणि त्यांनी कुरकुर न करता दिलं. त्यात एक वाक्य त्यांनीच घातलं होतं: कुणी हरकत घेतली तर याचिकेचा दावा, म्हणजे पूर्ण खटला, होईल आणि त्याची फी वेगळी ठरेल. हे आधी कळणं फार गरजेचं आहे, कारण खरा खर्च आणि खरी वर्षं तिथे जातात. त्यांच्या सनदेचा क्रमांक वकीलपत्रावर होताच. ज्यांना फी झेपणार नाही त्यांनी उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे जरूर चौकशी करावी. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर मदत मागता येते, आणि हे फार कमी बायकांना माहीत असतं.

फेब्रुवारी अखेरीला वकीलपत्रावर सही केली आणि कागद जमवायला लागले.

सगळ्यात आधी वंशावळ. माझ्या डोक्यात वारस म्हणजे आई आणि मोठे मामा, मावशीची हयात भावंडं. वकीलबाईंनी कागदावर झाड काढायला सुरुवात केली. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अविवाहित स्त्रीचे आईवडील नसतील तर तिच्या वडिलांचे वारस ते तिचे वारस. म्हणजे हयात भाऊ-बहीण आलेच, शिवाय गेलेल्या धाकट्या मामांची बायको आणि मुलं आली, गेलेल्या मोठ्या मावशीची मुलं आली. मृत्युपत्रात त्यांना काही मिळो न मिळो, याचिकेत प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता लागतो. प्रत्येकाने "मला हरकत नाही" असं संमतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, नाहीतर कोर्टातर्फे त्याला नोटीस जाते. तिलाच सायटेशन म्हणतात. आमचे वारस ठाण्यापासून बेळगाव, बडोदा आणि न्यू जर्सीपर्यंत पसरलेले निघाले.

न्यू जर्सीच्या मावसबहिणीने तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर तिथल्या राज्य सरकारचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, घेतलं आणि मूळ कागद कुरिअरने पाठवला. याला साधारण महिना गेला. घरात कुणी परदेशी असेल तर हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करा, बाकीचे कागद तोवर होतात.

मोठ्या मामांचं प्रकरण अवघड होतं, आणि ती अडचण कायद्याची नव्हती. मामा ८१ वर्षांचे. तीस वर्षांपूर्वी बहिणीने सोसायटीच्या फॉर्मवर त्यांचं नाव घातलं, तेव्हा ते स्वतः सोबत गेले होते. घर आपल्याकडे येणार असं त्यांनी धरलं होतं, त्यात लोभापेक्षा मान जास्त होता. ते मला फोनवर म्हणाले, "नॉमिनी मी आहे, मग सही कसली मागतेस?" नॉमिनी हा मालक होत नाही. सहकारी सोसायट्यांच्या कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलमाप्रमाणे तो वारसांचा हक्क ठरेपर्यंत तात्पुरता सदस्य असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने नुकतंच, डिसेंबर २०२३ मध्ये, हेच सांगितलं होतं की नॉमिनी मृत्युपत्र आणि वारसा कायद्याच्या वर जात नाही. वकीलबाईंनी मला हे सगळं छापून दिलं, पण वर म्हणाल्या, "हे कागद पहिल्या भेटीत काढू नका. आधी मृत्युपत्र वाचून दाखवा."

मी आणि आई एका रविवारी ठाण्याला गेलो. मी झेरॉक्सवरून मावशीचे शब्द वाचले. सुरुवातीलाच तिने लिहिलं होतं की दादाने आईवडिलांच्या मागे आम्हा सगळ्यांना सांभाळलं, त्याच्याकडे देवाच्या कृपेने सगळं आहे, म्हणून घर वडील नसलेल्या मुलीला देते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मामींनी चहा ठेवला. मग त्यांनी कागद मागून घेतला आणि ते वाक्य स्वतः वाचलं. सही त्या दिवशी केली नाही. पंधरा दिवसांनी स्वतःच फोन करून म्हणाले, नोटरी कुठे गाठायचा ते सांग. ज्यांच्याकडे असा एखादा दुखावलेला वडीलधारा आहे, त्यांना मी एवढंच सांगेन की नोटीस जाण्याआधी माणूस जाऊ द्या. आणि त्याला वेळ द्या.

साक्षीदाराचं काम एप्रिलमध्ये. डॉक्टर २०२० मध्ये गेले होते. एक जरी साक्षीदार हयात असेल तरी त्याच्या प्रतिज्ञापत्रावर काम भागतं: मृत्युपत्र करणाऱ्या व्यक्तीने माझ्यासमोर सही केली, ती शुद्धीत होती, मीही तिच्यासमोर सही केली. दोघेही नसतील तर सही ओळखणारं कुणीतरी शोधावं लागतं, आणि ते काम किचकट होतं. मावशीची मैत्रीण निवृत्तीनंतर सावंतवाडीला राहायला गेली होती. फोन नंबर जुना. शेवटी शाळेच्या निवृत्त शिक्षिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पत्ता मिळाला. कोकणकन्येने गेले. बाई ७८ वर्षांच्या, गुडघे दुखणारे, पण आठवण लख्ख. कुठल्या खोलीत सही केली, डॉक्टरांनी स्वतःचं पेन दिलं, मावशी साबुदाण्याची खिचडी करून बसली होती, सगळं सांगितलं. सावंतवाडीतच नोटरीसमोर सही झाली. परत येताना गाडीत मी ती फाइल मांडीवरून खाली ठेवली नाही. वकीलबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, बाकी सगळं थांबलं तरी चालेल, साक्षीदार थांबत नाहीत.

याचिकेला तीन परिशिष्टं लागतात. पहिल्यात मालमत्ता, दुसऱ्यात देणी आणि अंत्यविधीचा खर्च, तिसऱ्यात मयताच्या नावावर असलेली पण दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ता. तिसरं आमच्याकडे कोरं होतं, तरी "काही नाही" असं लिहून जोडावं लागतं. घराची किंमत रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरपत्रकावरून, काढली. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर चढत जाते, पण महाराष्ट्रात प्रोबेटसाठी तिची कमाल मर्यादा ७५,००० रुपये आहे. मुंबईतलं कुठलंही घर धरलं की ती मर्यादा गाठली जातेच, त्यामुळे ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा. उच्च न्यायालयातलं काम इंग्रजीत चालत असल्याने मराठी मृत्युपत्राचं अधिकृत भाषांतरही लागतं. त्याला काही आठवडे धरावेत.

मे महिन्यात कोर्टाची उन्हाळी सुट्टी. हे लक्षात घेऊन आम्ही एप्रिलअखेर सगळं तयार करायचा प्रयत्न केला, तरी याचिका जूनच्या मध्यावर दाखल झाली. मावशी जाऊन आठ महिने झाले होते. याला काही शेवटची तारीख नसते, पण मृत्यूनंतर तीन वर्षं उलटली की उशीर का झाला याचा खुलासा याचिकेत द्यावा लागतो.

दाखल झाल्यावर कार्यालयाच्या हरकती येतात. हा शब्द ऐकून मी घाबरले होते. कुणी विरोध केला असं वाटलं. पण त्या कागदांतल्या त्रुटी असतात. आमच्या बाबतीत मुख्य त्रुटी नावाची होती. शेअर सर्टिफिकेटवर मावशीचं नाव आद्याक्षरांनी, आधारवर पूर्ण, आणि बँकेत आडनावाचं स्पेलिंग वेगळं. याचिकेत सगळी रूपं "उर्फ" लावून लिहावी लागली, आणि तीच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. तुमच्याकडे वकील ठरण्याआधी एक संध्याकाळ असेल, तर सगळ्या कागदांवरची नावं एका पानावर उतरवून काढा. मृत्यूच्या दाखल्याच्याही भरपूर प्रती पालिकेकडून एकदमच घ्या.

त्रुटी दूर करण्यात ऑगस्ट गेला. या काळात वकिलांना रोज फोन करण्याचा मोह होतो. मी ठरवून दर पंधरा दिवसांनी एक ईमेल करायचे: काय झालं, पुढे काय, माझ्याकडून काय हवं. याचिकेचा क्रमांक मिळाला की कोर्टाच्या वेबसाइटवर स्थिती स्वतःलाही बघता येते, त्याने जीव बराच शांत होतो.

सप्टेंबरमध्ये सायटेशन निघालं. ते कोर्टात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लागतं, आणि ज्या वारसांनी संमती दिली नाही त्यांना पाठवलं जातं. आमच्याकडे फक्त बडोद्याचा मावसभाऊ राहिला होता. त्याचा विरोध नव्हता, पण उत्तरही येत नव्हतं. नोटीस मिळाल्यापासून १४ दिवसांत कॅव्हेट, म्हणजे मला विचारल्याशिवाय प्रोबेट देऊ नका असा अर्ज, दाखल करता येतं. ते दाखल होऊन त्यासोबत हरकतीचं प्रतिज्ञापत्र आलं की याचिकेचा दावा होतो. ते १४ दिवस मी कामावर लक्ष देऊ शकले नाही. कॅव्हेट आलं नाही. पुढे त्याने स्वतःच सांगितलं की घर बदललं होतं, कागदांची भीती वाटत होती, म्हणून गप्प बसला. नोटीस मिळाल्याच्या पुराव्याचं प्रतिज्ञापत्र दाखल करेपर्यंत दिवाळीची सुट्टी लागली.

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात प्रोबेट हातात आलं. कोर्टाचा शिक्का, आणि सोबत मृत्युपत्राची प्रत. त्याच दिवशी प्रमाणित प्रतींसाठी अर्ज केला, कारण सोसायटी, बँक, शेअर्सची खाती ठेवणारी डिपॉझिटरी, प्रत्येकाला एक लागते. सगळा खर्च सव्वादोन लाखांच्या आत बसला. प्रोबेट मिळवण्याचा खर्च एक्झिक्युटरला मयताच्या मालमत्तेतून घेता येतो. अंत्यविधीच्या खर्चानंतर त्याचाच क्रम लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा आणि प्रत्येक पावती तिला जोडा, नोटरीच्या शंभर रुपयांचीसुद्धा.

त्यानंतरच्या क्रमात कायद्याने एक गोष्ट घातली आहे, ती वाचून मला भरून आलं. मयताच्या शेवटच्या तीन महिन्यांत घरकाम करणाऱ्या माणसाचा पगार राहिला असेल, तर तो इतर कर्जांच्या आधी द्यायचा. ताईंचा शेवटच्या महिन्याचा पगार राहिला होता. मृत्युपत्रातली रक्कम तर द्यायचीच होती. दोन्ही चेक मी वेगवेगळे लिहिले, कारण एक त्यांच्या कष्टाचा होता आणि एक मावशीच्या मायेचा.

याचिकेच्या वेळी एक्झिक्युटर शपथेवर दोन गोष्टी कबूल करतो: प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टाला देईन. प्रोबेट हातात आलं की बहुतेक जण इथे थांबतात, आणि वकीलही नेहमी आठवण करतातच असं नाही. यादी मी जुलैत दिली. मधल्या काळात ठेवींवर आलेल्या व्याजाचं आयकर विवरणपत्रही एक्झिक्युटर म्हणून भरावं लागतं, त्यासाठी सीएंना आधी सांगून ठेवा. घर मामेबहिणीच्या नावावर चढायला सोसायटीने एक सभा घेतली, इतकंच. मृत्युपत्राने घर मिळताना स्टॅम्प ड्युटी लागली नाही.

हिशेबाचे शेवटचे कागद तयार होत होते तेव्हाच, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेने उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळलं. प्रोबेटची सक्ती त्याच कलमात होती. म्हणजे मुंबईतल्या मृत्युपत्राला प्रोबेट घेणं आता कायद्याने बंधनकारक नाही. बातमी वाचून घरातल्या काहींनी हळहळ केली की दोन वर्षं थांबलो असतो तर सगळं वाचलं असतं. मला तसं वाटलं नाही. प्रोबेट घेण्याची सोय कायद्यात अजूनही आहे, आणि एकदा ते मिळालं की मृत्युपत्राच्या खरेपणावर सगळ्यांसमोर शिक्कामोर्तब होतं. आमच्याकडे नॉमिनी एक आणि लाभार्थी दुसरी होती, मृत्युपत्र नोंदवलेलं नव्हतं, एकच साक्षीदार उरला होता. सक्ती नसती तरी मी हाच रस्ता धरला असता, आणि तोही सावंतवाडीच्या बाई हयात असताना.

जानेवारीत हिशेब दाखल केल्यावर आठवड्याभरात आमच्या शेजारच्या विंगमधल्या एक बाई आल्या. वडिलांचं २०१६ चं मृत्युपत्र, नॉमिनी भाऊ. प्रोबेट लागेल की नाही हे मी त्यांना सांगितलं नाही, ते त्यांच्या वकिलाने कागद बघून सांगायचं. पहिल्या भेटीला काय न्यायचं ते लिहून दिलं: मृत्युपत्राची झेरॉक्स, मूळ घरीच. मृत्यूचा दाखला. सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, गेलेल्यांचीही. साक्षीदारांचे फोन नंबर. शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशनची प्रत. मग मी त्यांना साक्षीदारांबद्दल विचारलं. एक सोलापूरला होते, वय ८३. मी म्हटलं, वकील पुढच्या आठवड्यात शोधू, यांना आज फोन लावा. त्यांनी माझ्यासमोरच लावला.